सशाला सुट्टी दे

प्रिय होतकरू लेखिके,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या गोष्टी वाचल्या. भाषा स्वच्छ आहे, शुद्धलेखन तर माझ्यापेक्षा बरं. पण सोबतच्या चिठ्ठीतलं एक वाक्य खटकलं : ‘सध्या मुलांसाठी लिहून हात बसवते, मग कादंबरीकडे वळेन.’ तसं असेल तर सरळ कादंबरीच घे लिहायला. सरावासाठी पोरं कशाला हवीत?

भा. रा. भागवतांचं बघ. 1910 साली इंदूरला जन्म, 2001 साली गेले. आकाशवाणीतली नोकरी सोडून 1942च्या चळवळीत पडले, पुढे ‘बालमित्र’ मासिक चालवलं आणि उभा जन्म मुलांसाठी लिहिण्यात घालवला. घरात पत्नी लीलावतीबाईही मुलांसाठीच लिहायच्या, म्हणजे वेड दुहेरी! फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या भागवतांनी मराठीत आणल्या. कथानक पळतं कसं ठेवायचं, याची तालीम त्यांना तिथेच मिळाली असावी, असा माझा आपला अंदाज. तूही एखादी परभाषेतली गोष्ट मराठीत करून बघ. छापायला नको, वहीत राहू दे.

आता त्यांच्या गोष्टींचा नायक, फास्टर फेणे. खरं नाव बनेश. किडकिडीत पोरगा, अंगात चौकड्यांचा शर्ट, बुडाखाली सायकल आणि तोंडात ‘ट्टॉक’. शाळा पुण्यातली, गाव फुरसुंगी. ‘एका आटपाट गावात’ लिहून भागलं असतं की! पण हडपसरजवळचं खरंखुरं गाव घेतलं, त्यामुळे पोरगा प्रतापगडावर जाऊ दे नाहीतर काश्मीरला, आपल्या आळीतलाच वाटतो. 2017च्या सिनेमात त्याला मोठा केला, ते मला फारसं रुचलं नाही. असो.

तुझ्या गोष्टींत गाव नाही. ससा आहे, कासव आहे, आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी शहाणी आजी. तिसऱ्या गोष्टीत मुलगा भिंतीवरून उडी मारतो, चप्पल पलीकडे पडते, कुत्रं ती पळवतं. इथे मी पुढे सरसावून बसलो होतो. तेवढ्यात तू लिहिलंस, ‘अशा रीतीने चिंटूला आपली चूक उमगली.’ अगं, चपलेचं काय झालं? पोरांना तेच विचारायचं असतं. ते वाक्य काढ, आजीला घरी पाठव आणि कुत्र्याच्या मागे जा.

लिहून झालं की एखाद्या शाळेत तिसरी-चौथीच्या वर्गात मोठ्याने वाच. कुठे चुळबुळ होते, कोण खिडकीबाहेर बघतं, तिथे पेन्सिलने खूण कर. बाईंनी ‘छान छान’ म्हटलं, ते धरू नकोस.

पैशांचंही सांगून ठेवतो. यावर घर चालेल अशी आशा धरू नकोस, हातची नोकरी सोडू नकोस. प्रकाशक एकरकमी मानधन देऊन सगळे हक्क लिहून मागतील, तर सही करू नकोस. मुलांची पुस्तकं खपायला वेळ घेतात, पण खपायला लागली की पिढ्यान्‌पिढ्या खपतात, आणि तेव्हा तुझ्या हातात काहीच उरलेलं नसतं. गोष्ट आधी मासिकाकडे पाठव. बालभारतीचं ‘किशोर’ 1971पासून निघतंय, त्याचे जुने अंक मिळव आणि आधी वाच.

चपलेची गोष्ट नव्याने लिहून दिवाळी अंकांची गडबड सुरू व्हायच्या आत माझ्याकडे धाड. बाकीच्या राहू देत.

तुझा,
काका