सर अर्धं सांगतात आणि पूर्ण ओरडतात

या वेळचं पत्र, थोडं कापून:

"मावशी, मी ऐरोलीला राहते, वय ३१. बेलापूरला एका सीएचएच्या, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्या एजंटच्या, ऑफिसात इम्पोर्ट डॉक्युमेंटेशन बघते. आमचे सर घोडबंदरहून गाडीने येतात आणि येता-जाता ट्रॅफिकमध्ये बसून व्हॉइस नोट टाकतात, मागे हॉर्न, अर्धं हिंदी अर्धं मराठी, नाव कोणाचंच घेत नाहीत, 'ते बघून घे', 'त्याचं करून टाक' असंच सगळं. मागच्या महिन्यात शुक्रवारी संध्याकाळी आली, 'कोल्हापूरवाल्याचं थांबव, इन्व्हॉइस बदलतंय.' आमच्याकडे त्या भागातले दोन क्लायंट आहेत, एक शिरोली एमआयडीसीतला आणि एक इचलकरंजीचा, आणि दोघांचा माल एकाच बोटीवर. मला वाटलं इचलकरंजी, कारण इन्व्हॉइस नेहमी त्यांचंच बदलतं. मनात आलं होतं विचारावं, पण आदल्याच दिवशी काहीतरी विचारलं तर 'सगळं मीच सांगू का' म्हणाले होते, म्हणून अंगठा टाकला, शिरोलीचं बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आलेल्या मालाचं कस्टम्सला द्यायचं डिक्लरेशन, भरलं आणि निघाले. बोट शनिवारी लागली. सोमवारी कळलं थांबवायचं शिरोलीचं होतं. इचलकरंजीला लेट फी बसली आणि शिरोलीचं जुन्या इन्व्हॉइसवर फाइल झालं. सर अख्ख्या फ्लोअरसमोर ओरडले, 'डोकं घरी ठेवून येतेस का.' तेव्हापासून मी फक्त हो सर, नाही सर. एचआर म्हणजे आमच्या अकाउंट्सच्या मॅडमच. पॉशमध्ये तक्रार होते का? नवरा म्हणतो सोड, राजीनामा टाइप करून ठेवलाय. गंमत म्हणजे कंपनीने कम्युनिकेशनचं ट्रेनिंग पण ठेवलं होतं, त्यात सांगितलं ९३ टक्के संवाद शब्दांशिवाय होतो, सर पहिल्या रांगेत बसून मान हलवत होते. आणि रात्री साडेदहाला मेसेज येतात ते वेगळंच. काय करू?
एक वैतागलेली, ऐरोली"

अगं वैतागलेली, पॉशचं आधी संपवते. २०१३ चा तो कायदा लैंगिक छळासाठी आहे, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात त्याची समिती असावीच लागते, पण कामाच्या चुकीवरून साहेब ओरडले एवढ्यावर ती समिती काही करू शकत नाही. ओरडताना बाई म्हणून काही घाणेरडं बोलले असतील तर गोष्ट वेगळी, मग मला परत लिही, पण तुझ्या पत्रात तसं काही दिसत नाही. आणि एचआरचं म्हणशील तर अकाउंट्सच्या मॅडमचा पगार सरच काढतात, त्यांना बिचाऱ्यांना मध्ये घालून तू त्यांचीच पंचाईत करशील.

आता त्या शुक्रवारचं. पत्र वाचताना मला सरांचा राग आलाच, पण एका ठिकाणी तुझाही आला, सांगून टाकते. व्हॉइस नोट अर्धवट होती, ती सरांची चूक, त्यात वादच नाही. पण तुला शंका आली होती ना, तूच लिहिलंयस. शंका आली, तू ती गिळलीस आणि अंगठा टाकलास, आणि त्या अंगठ्याचा सरांनी अर्थ काय घ्यायचा गं? त्यांच्या दृष्टीने विषय मिटला, ते विटाव्याच्या पुलाखाली गाडी काढत घरी गेले. तुमच्या धंद्यात बिल ऑफ एन्ट्री बोट लागायच्या आदल्या दिवसापर्यंत भरायचं, नाही भरलं तर पहिले तीन दिवस दिवसाला ५,००० आणि पुढे दिवसाला १०,०००, सुट्टीचे दिवस धरून, हे मी तुला सांगायला नको. म्हणजे शुक्रवारच्या त्या एका अंगठ्याचे सोमवारपर्यंत पंधरा हजार झाले, वर शिरोलीच्या अमेंडमेंटची कटकट.

मात्र तू शंका का गिळलीस हे जास्त महत्त्वाचं आहे आणि ते पूर्णपणे सरांच्या खात्यात जातं. आदल्या दिवशी विचारलं तर फटकारलं, म्हणून दुसऱ्या दिवशी विचारलं नाही. ज्या साहेबाला प्रश्नांचा त्रास होतो त्याच्याकडे प्रश्न येणं बंद होतं, चुका मात्र येतच राहतात, आणि मग तोच साहेब म्हणतो हल्लीच्या पोरांना डोकं नाही.

हे फक्त बेलापूरच्या ऑफिसात होतं असं समजू नकोस. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात दोन जम्बो जेट एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली, विमानांच्या इतिहासातला सगळ्यात मोठा अपघात अजूनही तोच आहे. त्यात काय झालं होतं बघ. कंट्रोल टॉवरवाला म्हणाला ओके, आणि पुढे म्हणाला टेक-ऑफसाठी थांबा, मी सांगतो. पण त्याच क्षणी दुसऱ्या विमानातूनही कोणीतरी रेडिओवर बोलत होतं, त्यामुळे कॉकपिटमध्ये ओके तेवढं नीट ऐकू गेलं आणि बाकीचं कर्कश आवाजात गेलं. कॅप्टन कंपनीतला खूप सीनियर, नव्या पायलटांना शिकवणारा. त्याने विमान पळवायला सुरुवात केली. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनियरला शंका आली, त्याने विचारलं सुद्धा, की ते दुसरं विमान रनवेवरून अजून हटलं नाही का? कॅप्टन ठासून म्हणाला हटलंय, आणि मग कोणी पुढे बोललं नाही.

त्यानंतर विमानवाल्यांनी नुसतं ओके म्हणून भागवणं बंद केलं. सूचना मिळाली की ती महत्त्वाच्या शब्दांसकट परत म्हणून दाखवायची, टॉवरवाला ऐकतो, चुकलं तर तिथेच दुरुस्त करतो. आणि ज्युनियरने कॅप्टनला टोकायचं कसं आणि कॅप्टनने ते ऐकायचं कसं याचं रीतसर ट्रेनिंग सुरू झालं. आता उलव्याच्या नव्या विमानतळावरून उडणारा प्रत्येक पायलट सुद्धा हेच करतो, आणि त्यात त्याला कोणी मंद म्हणत नाही.

तर तूही तेच कर. उद्यापासून अंगठा बंद. व्हॉइस नोट आली की दोनदा ऐक, ट्रेनमध्ये असशील तर उतरल्यावर ऐक, आणि ग्रुपवर टाइप कर, 'सर, इचलकरंजी, जॉब नंबर अमुक, फाइलिंग थांबवते. शिरोलीचं आज भरते. बरोबर ना?' एवढंच. क्लायंटचं नाव, जॉब नंबर, काय करणार, कधीपर्यंत. 'म्हणजे नेमकं कोणाचं सर?' असं विचारू नकोस, कारण त्यावर सरांना परत विचार करून उत्तर द्यावं लागतं आणि तिथेच त्यांचं डोकं फिरतं. तू तुला जे समजलं ते मांड, त्यांना फक्त हो म्हणायचंय किंवा चूक आहे म्हणायचंय, ते सिग्नलला उभं राहून पण जमतं. त्या शुक्रवारी ही एक ओळ गेली असती तर सरांनी तिथूनच 'अरे इचलकरंजी नाही, शिरोली' असं ओरडलं असतं, आणि ते ओरडणं चाललं असतं.

उत्तर नाही आलं तर? येणार नाही कधीकधी, ते धरून चाल. मग फोन लाव. फोन नाही उचलला तर ज्यात नुकसान कमी तो मार्ग धर आणि तेही लिहून ठेव, 'सर, फोन लागत नाही, सातपर्यंत कळलं नाही तर दोन्ही चेकलिस्ट तयार ठेवून थांबते, रात्री घरून भरता येईल.' कस्टम्सच्या वेबसाइटवर, आइसगेटवर, रात्रीही भरता येतं, लॅपटॉप घरी नेता येत असेल तर हा पर्याय धर, नसेल तर सरांशी एकदा ठरवून घे की अशा वेळी कोणी भरायचं. पहिले काही दिवस ते चिडतील, 'किती वेळा विचारतेस' म्हणतील. म्हणू देत. तू विचारत नाहीयेस, सांगतेयस, आणि पंधरा हजाराची आठवण त्यांनाही ताजी आहे, ते स्वतः थोड्याच दिवसात नाव घ्यायला लागतात, माझा अंदाज आहे.

ते ९३ टक्क्यांचं ट्रेनिंग वाचून मला हसू आलं, कारण हा आकडा गेली कित्येक वर्षं प्रत्येक हॉटेलच्या कॉन्फरन्स रूममध्ये फिरतोय. अल्बर्ट मेहरेबियन नावाच्या मानसशास्त्रज्ञाचे १९६७ चे प्रयोग आहेत ते, त्यात लोकांना एकेक सुटा शब्द वेगवेगळ्या आवाजात ऐकवायचे, चेहऱ्याचे फोटो दाखवायचे आणि विचारायचं की बोलणाऱ्याला समोरचा आवडतोय की नाही वाटतं. म्हणजे विषय फक्त आवड-नावड, भावना यांचा होता, आणि सगळ्या बोलण्याला हा हिशोब लावू नका हे त्याने स्वतःच नंतर सांगितलंय. कोणाचं बिल थांबवायचं हे बॉडी लँग्वेजने कळत नाही गं, त्याला नावच घ्यावं लागतं.

आता हे वाचणारे जे साहेब आणि मॅडम आहेत त्यांच्यासाठी जरा, कारण मला माहितीये तुम्ही वाचता. 'समजलं ना?' हा प्रश्न विचारणं सोडा. त्याला उत्तर एकच येतं, हो सर, मग समजलं असो वा नसो. त्याऐवजी 'काय करणार ते एकदा सांग' म्हणा. आणि तुमच्या टीममधून बऱ्याच दिवसात कोणी शंका विचारली नसेल तर सगळं छान चाललंय असं समजून खूश होऊ नका, तुमच्याशिवायचा एक वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप असणार आणि सगळे प्रश्न तिथे विचारले जात असणार.

हां, तो ग्रुप. वैतागलेली, तुमच्याकडेही असेलच, प्रत्येक ऑफिसात असतो. तिथे मन मोकळं कर, मी संत नाही, पण सरांबद्दलची तक्रार तिथे सोडवायला जाऊ नकोस, त्याचे स्क्रीनशॉट फार लवकर प्रवास करतात.

फ्लोअरवर जे ओरडले ते मात्र सोडून द्यायचं नाही. तुझं हो सर नाही सर चाललंय ना, त्याने सरांना काही कळत नाहीये, त्यांना बहुतेक वाटतंय आता पोरगी सुधारली. त्यांच्याशी एकटीने बोल. सकाळी, ते चहा घेऊन बसलेले असतात तेव्हा, शुक्रवारी नाही आणि बोट लागायच्या दिवशी तर नाहीच. 'सर, पंधरा मिनिटं हवीत, कामाचंच आहे' म्हण, नाहीतर त्यांना वाटेल पगारवाढ मागायला आलीस आणि ते गाडीची चावी शोधायला लागतील. आत गेल्यावर आधी तुझं सांग, 'त्या दिवशी मला शंका होती आणि मी विचारलं नाही, ते चुकलं.' मग थांबू नकोस, लगेच पुढे जा, 'पण सर, मी विचारलं नाही कारण आदल्या दिवशी विचारल्यावर तुम्ही चिडलात. आणि सगळ्यांसमोर जे बोललात त्याने आता मीच नाही, बाकीचे पण विचारायला घाबरतात. चुकले तर आत बोलवून काय ते बोला, मी ऐकून घेईन.' एवढंच. 'तुमचा स्वभाव', 'तुम्ही नेहमी' असं काही काढू नकोस, त्यावर माणूस स्वतःला वाचवायला लागतो आणि तुझी पंधरा मिनिटं तिथेच जातात. रडू आलं तर येऊ दे, पाणी पी आणि वाक्य पूर्ण कर.

ते सॉरी म्हणतील का? मला नाही वाटत. त्या पिढीतले खूप जण डॉकवर धक्के खात वर आलेत, त्यांच्या साहेबांनी त्यांना यापेक्षा वाईट शब्दात झापलंय आणि त्यालाच ते शिकणं समजतात. ही त्यांची बाजू, यात तुला झापायची परवानगी बसत नाही. तू सॉरीची वाट बघू नकोस, पुढच्या चुकीला ते काय करतात ते बघ. आत बोलावलं तर तुझं ऐकलं गेलंय.

आणि परत फ्लोअरवरच ओरडले, तर मग नवऱ्याचं ऐक. आत्ता लगेच नको, कारण आत्ता तू एका ओरडण्यावरून जातेयस आणि नव्या ऑफिसातही कोणीतरी गाडीतून व्हॉइस नोट टाकणारच, तिथेही तू अंगठाच टाकशील. आधी इथे नीट बोलायची सवय लाव, इथे निदान माणूस ओळखीचा आहे. अपॉइंटमेंट लेटरमध्ये नोटीस पिरियड किती ते मात्र काढून बघून ठेव. वाशी, बेलापूर, न्हावाशेवा, तुझ्यासारखं इम्पोर्ट येणाऱ्या माणसाला काम मिळतं, फक्त सगळे सीएचए एकमेकांना ओळखतात, तेव्हा राजीनाम्यात दोन ओळीच लिही, राग त्यात घालू नकोस.

राहिले साडेदहाचे मेसेज. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलायचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये आला, आपल्याकडे सुप्रिया सुळेंनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खाजगी विधेयक मांडलं पण त्याचा कायदा झाला नाही, त्यामुळे कलम दाखवता येणार नाही. आणि खरं सांगायचं तर तुमच्या कामात रात्रीचा एखादा मेसेज खरंच अर्जंट असतो, बोट कोणाच्या झोपेसाठी थांबत नाही. म्हणून त्याच पंधरा मिनिटात हेही ठरवून घे, की रात्री नऊनंतर खरंच अर्जंट असेल तर सरांनी फोन करायचा, तू उचलशील, आणि बाकीचे मेसेज सकाळी ट्रेनमध्ये बसल्यावर बघशील. फोन करायला माणसाला जरा संकोच वाटतो, तेवढ्यानेच अर्धे मेसेज कमी होतील.