मूडल आहे, पण गणित तपासणारं मॅक्सिमा कुठं बसवायचं?

प्रश्न: मी अमळनेर तालुक्यात गणित शिकवते. आमचं मूडल (ऑनलाइन वर्ग नि परीक्षा चालवायचं सॉफ्टवेअर) स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांत वाटलेल्या सर्व्हरवर आहे, त्यात गणिताचे प्रश्न तपासणारं स्टॅक प्लगिन टाकलं, प्रश्न दिसतो पण उत्तर काही तपासलं जात नाही. काय करू?

उत्तर: ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. स्टॅक स्वतः गणित करत नाही, ते मॅक्सिमाला विचारतं, पोरानं २(क्ष+३) लिहिलं काय नि २क्ष+६ लिहिलं काय, दोन्ही सारखंच हे मॅक्सिमा ओळखतो, आणि तो सर्व्हरवर चालणारा वेगळा प्रोग्राम आहे. शेअर्ड होस्टिंगवर बाहेरचा प्रोग्राम सहसा चालवूच देत नाहीत, सुरक्षेपायी, म्हणून तिथं डोकं आपटू नका. मूडल आहे तिथंच राहू द्या, एक छोटा व्हीपीएस (भाड्यानं मिळणारा स्वतःपुरता सर्व्हर) घ्या, त्यावर डॉकरमधून (प्रोग्राम तयार पेटीत चालवायचं साधन) गोमॅक्सिमा (goemaxima), म्हणजे स्टॅकसाठी मॅक्सिमा पुरवणारा सर्व्हर-प्रोग्राम चालवा, स्टॅकच्या सेटिंगमध्ये 'सर्व्हर' निवडून त्याचा पत्ता टाका नि हेल्थचेक (जोडणी नीट आहे का ही स्टॅकमधलीच तपासणी) करा. सॉफ्टवेअर सगळं फुकट आहे, भाडं फक्त व्हीपीएसचं. जोडणी झाली नाही तर होस्टिंगवाल्याला विचारा की बाहेर जाणारा पोर्ट (जोडणीची वाट) बंद आहे का, बऱ्याचदा तिथंच अडतं. गोमॅक्सिमाचा पत्ता फक्त मूडलच्या आयपीला (मूडलच्या सर्व्हरच्या नेटवरच्या क्रमांकाला) उघडा ठेवा. आणि परीक्षेआधी साठ पोरं एकदम बसवून ट्रायल घ्याच, कारण एकट्यानं तपासताना मॅक्सिमा कधीच दमत नाही.