‘मवाळ मुस्लिम’ म्हणजे नक्की कोण?

प्रश्न एका कादंबरीकार बाईंचा आहे. काळ १९०७ ते १९१६, शहर मुंबई, पात्र काँग्रेसमधला एक मुसलमान बॅरिस्टर. त्याला ‘मवाळ मुस्लिम नेता’ म्हटले तर चालेल का?

मवाळ म्हणा, नेता म्हणा, पण ‘मवाळ मुस्लिम’ असा जोड नको. हल्ली हा जोड जिकडेतिकडे दिसतो आणि माझे डोके उठते. जणू धर्म म्हणजे मिसळीचा रस्सा, तिखट कमी केले की झाला मवाळ! १९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटली तेव्हा मवाळ म्हणजे अर्ज-विनंत्या करून सरकारकडे हक्क मागणारा. तो दिवसातून किती वेळा नमाज पढतो, याचा काडीचा संबंध नव्हता. फिरोजशहा मेहता पारशी, गोखले ब्राह्मण, दोघेही मवाळ. उलट मौलाना हसरत मोहानी पक्के श्रद्धाळू, हजच्या वाऱ्या करणारे, आणि राजकारणात थेट टिळकांच्या गोटातले जहाल. १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसमध्ये संपूर्ण स्वातंत्र्याचा ठराव मांडला तो त्यांनीच, तोही गांधींना न जुमानता.

‘मवाळ’ची व्युत्पत्ती सरळ आहे. मृदु, मउ, मऊ, आणि पुढे रसाळ-केसाळमधला ‘आळ’. संपले. खरी मजा ‘जहाल’मध्ये आहे.

पंडित तो ‘ज्वाला’वरून आणतात, कोणी ‘जहर’वरून. जहरवाल्यांना माझा एकच प्रश्न: मग ‘जहाल विष’ म्हणजे काय, विषारी विष? माझा अंदाज (अंदाजच, पण मला भारी प्रिय) अरबी ‘जह्ल’वर आहे. शाळेत शिकवतात की जह्ल म्हणजे अज्ञान, म्हणून इस्लामपूर्व काळ ‘जाहिलिया’. पण हंगेरीचे इस्लाम-अभ्यासक इग्नाझ गोल्डत्सीहर यांनी १८८९ मध्येच दाखवले की जुन्या अरबी काव्यात जह्लचा विरुद्धार्थी शब्द ‘इल्म’ (ज्ञान) नसून ‘हिल्म’ आहे. जह्ल म्हणजे माथेफिरू तापटपणा, हिल्म म्हणजे अंगात बळ असून राखलेला संयम. जहाल आणि मवाळच की हे! फरक एवढाच की ‘मवाळ’मध्ये मऊपणाचा चिमटा आहे, ‘हिल्म’मध्ये दरारा. ‘अल-हलीम’, म्हणजे हिल्म असलेला, हे अल्लाच्या नावांपैकी एक. म्हणूनच पाकिस्तानात काही लोक तासन्‌तास शिजणाऱ्या हलीम या पदार्थाला आदरापोटी ‘दलीम’ म्हणतात. ईश्वराचे नाव ताटात कसे वाढायचे?

हां, तुमचा बॅरिस्टर. टिळकपंथी पात्राच्या तोंडी ‘मवाळ’ द्या, चिमट्यासकट. निवेदनात ‘नेमस्त’ बरा. ‘प्रागतिक’ मात्र १९१८ च्या आधी नको, तो पक्ष तोवर निघालाच नव्हता. आणि नमुना हवा तर त्या काळचे जिना पाहा. ‘मुस्लिम गोखले’ व्हायची उमेद बाळगणारा हा मवाळ १९०८ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी कोर्टात उभा राहिला नि हरला. १९१६ मध्ये पुन्हा टिळकांसाठीच उभा राहिला आणि हायकोर्टात जिंकला. तुमच्या पात्राच्या घरात मात्र कोणीही त्याला ‘मवाळ’ म्हणणार नाही. तिथे फार तर म्हणतील, ‘आदमी हलीम है’.