शुश्रूषागृहाची (नर्सिंग होमची) नोंदणी : वाचकांचे प्रश्न

कोथरूडला सोसायटीच्या पहिल्या मजल्यावर १२ खाटांचं हॉस्पिटल काढायचं आहे. सुरुवात कुठून करू?

भोगवटा पत्रापासून, म्हणजे इमारत वापरायला महापालिकेने दिलेल्या दाखल्यापासून. मंजूर नकाशात जागा ‘निवासी’ असेल तर फाइल तिथेच अडते, म्हणून भाडेकरारावर सही करण्याआधी नकाशा बघा. मग अग्निशमन दलाचा दाखला, जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी, कचरा उचलणाऱ्या केंद्राशी करार. सोनोग्राफी ठेवणार असाल तर पीसीपीएनडीटीची (गर्भलिंग निदान रोखणाऱ्या कायद्याखालची) नोंदणी वेगळी, आणि मशीन येण्याआधी. यानंतर महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे अर्ज. प्रमाणपत्र ‘फॉर्म सी’मध्ये मिळतं, ते दर्शनी भागात लावायचं. जागा बदलली तर ते चालत नाही.

नोंदणी तीन वर्षांची. मधल्या काळात काय सांभाळायचं?

आगीचा ‘फॉर्म बी’, म्हणजे अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचा दाखला, दर जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून. नुसता कागद घेऊ नका. पंप समोर सुरू करून दाखवायला सांगा. नर्सच्या नर्सिंग कौन्सिलमधल्या नोंदणीची मुदत तपासा. १२ खाटा नोंदवून १५ लावणं हा सर्रास दिसणारा आणि घातक प्रकार आहे: नर्स तेवढ्याच, बाहेर पडायची वाट तेवढीच, माणसं जास्त.

आई अंथरुणाला खिळली आहे. केंद्रावर ‘वृद्धाश्रम’ अशी पाटी आहे. त्यांना ही नोंदणी लागते का?

पाटीवर जाऊ नका, आत काय चालतं ते बघा. १९४९च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमानुसार आजारी, जखमी किंवा दुर्बल व्यक्तींना ठेवून उपचार आणि शुश्रूषा देणारी जागा म्हणजे शुश्रूषागृह. नुसतं राहणं-जेवण असेल तर प्रश्न वेगळा. पण नाकातली नळी, कॅथेटर (लघवीची नळी), बेडसोअरचं (पडून राहून झालेल्या जखमेचं) ड्रेसिंग होत असेल तर ‘फॉर्म सी’ मागा. त्यावरच्या खाटा आणि प्रत्यक्षातल्या खाटा मोजा. रात्री कोण असतं? मावशी कितीही मायाळू असल्या तरी त्या नर्स नव्हेत. कूस बदलल्याच्या वेळांची वही मागा. ती कोरी असेल, किंवा एकाच शाईत एका बैठकीत भरलेली दिसली, तर आईला तिथे ठेवू नका.

बिल बाकी म्हणून डिस्चार्ज अडवला तर?

याच अधिनियमाच्या जानेवारी २०२१च्या सुधारित नियमांनुसार बिलासाठी रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवता येत नाही. थकबाकी कायदेशीर मार्गाने वसूल करायची. महापालिकेच्या तक्रार निवारण कक्षाला लगेच फोन करा आणि नंतर लेखी तक्रार देऊन पोच घ्या. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावलेली नसेल तर तेही त्याच तक्रारीत लिहा.