बोअरचं पाणी जड आहे. सॉफ्टनर किंवा आरओसाठी कंपनी कशी निवडावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: छत्रपती संभाजीनगरच्या बाहेर रो-हाऊस, बोअर 280 फूट, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) 900, नळांवर पांढरे थर, गीझरची कॉईल दोन वर्षांत गेली. तीन कंपन्यांची कोटेशनं आली आहेत, 18 हजारांपासून सव्वा लाखापर्यंत. त्यातलं कोणतं घ्यावं?

सध्या कोणतंच नको. तिघांपैकी एकाने तरी पाण्याचा लॅब रिपोर्ट मागितला का? तुमच्या लिहिण्यात तसं कुठे दिसत नाही. 900 हा आकडा त्यांच्यापैकीच कुणीतरी पेनासारखा मीटर ग्लासात बुडवून सांगितलेला असणार. पाण्यातून वीज कितपत वाहते एवढंच त्या मीटरला कळतं, आणि त्यावरून तो क्षारांचा अंदाज बांधतो. ते क्षार कॅल्शियमचे की साध्या मिठाचे, त्यात नायट्रेट किती, फ्लोराइड किती, हे तो सांगू शकत नाही. जंतू तर त्याच्या गावीही नसतात. म्हणून 900 टीडीएसच्या दोन शेजारी घरांत एकाला सॉफ्टनरची गरज असते आणि दुसऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नसतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझं माहेर दर्यापूरकडचं, पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातलं. तिथलं पाणी नुसतं जड नाही, चक्क खारट आहे. माझ्या भावाला एकाने सॉफ्टनर गळ्यात मारला, ‘पाणी एकदम गोड होईल’ म्हणून. झालं काय, साबणाला फेस यायला लागला, पण पाण्याची चव होती तशीच राहिली. राहणारच. सॉफ्टनरमधलं रेझिन, म्हणजे बारीक मणी, कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि त्या बदल्यात सोडियम सोडतं. म्हणजे क्षारांची अदलाबदल होते, ते कमी होत नाहीत. टीडीएस आहे तिथेच राहतो. विकणाऱ्याला हे माहीत नव्हतं की माहीत असून बोलला नाही, देव जाणे. दादा अजून त्याचं नाव निघालं की विषय बदलतो.

दुसरा किस्सा आमच्या पुण्यातल्या घरचा. आरओ विकायला आलेल्या माणसाने ओट्यावर दोन ग्लास मांडले, एकात आमचं नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं आरओचं. दोन्हींत धातूच्या कांड्यांचं एक यंत्र बुडवून बटण दाबलं. अर्ध्या मिनिटात आमच्या ग्लासात तपकिरी-हिरवट गाळ, त्याचं पाणी स्वच्छ. सासूबाई घाबरल्याच, “अगो बाई, हे पितो आपण?” माझी मुलगी तेव्हा दहावीत होती, विद्युत अपघटन नुकतंच शिकून झालेलं. तिने मिसळणाच्या डब्यातून चिमूटभर मीठ आणलं आणि म्हणाली, “काका, आता तुमच्या ग्लासात हे टाकून परत करा ना.” त्याने आढेवेढे घेतले, पण केलं. त्याचंही पाणी तसंच गढूळ झालं. तो गाळ पाण्यातला नसतोच, कांडीचं लोखंड झिजून उतरलेला असतो. आरओच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून वीज वाहत नाही आणि कांडी झिजत नाही, इतकंच. तुमच्याकडे कुणी हे यंत्र काढलं तर चहा पाजा आणि दार दाखवा.

तर आधी रिपोर्ट. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी असते, तिथे शुल्क भरून खासगी नमुनाही तपासून मिळतो. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली खासगी लॅबही चालेल. विक्रेत्याच्या ‘फ्री टेस्ट’वर विसंबू नका. मोटर दहा मिनिटं चालू ठेवून बोअरच्या पाइपलाच नमुना घ्या, टाकीतून नको. कॅन त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भरा. जंतूंच्या तपासणीसाठी मात्र लॅबकडून निर्जंतुक बाटली आणायची, ती विसळायची नाही, आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची.

रिपोर्टमध्ये काय बघायचं? भारतीय मानक आयएस 10500 प्रमाणे टीडीएस 500 पर्यंत चांगला, दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. एकूण हार्डनेस, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा जडपणा, 200, नाइलाज असेल तर 600. फ्लोराइड 1, फार तर दीड. नायट्रेट 45, आणि त्यात सवलत नाही. हे सगळे आकडे लिटरला मिलिग्रॅममध्ये. नायट्रेट मुद्दाम बघा, कारण रो-हाऊसच्या वस्तीत सेप्टिक टँक आणि बोअर खेटून असतात. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटतं आणि ते आणखी दाट होतं.

तुमची लक्षणं, म्हणजे थर आणि कॉईल, हार्डनेसचीच आहेत. शाळेच्या पुस्तकात ज्याला दुष्फेन पाणी म्हणायचे तेच हे. तूरडाळ शिजायला वेळ लागत असेल आणि चहावर पापुद्रा येत असेल तर घरच्या घरी तेवढी खात्री करून घ्या. म्हणजे अंघोळ, कपडे, गीझरसाठी सॉफ्टनर लागेल असं दिसतंय, आणि पिण्यापुरता स्वयंपाकघरात छोटा आरओ. सव्वा लाखाचं कोटेशन सगळ्या घराला आरओ देणाऱ्याचं असेल तर ते सरळ बाजूला काढा. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर सहज सांडतो. बोअरचं पाणी असं गटारात सोडणं मराठवाड्यात तरी मला बघवणार नाही. पिण्या-स्वयंपाकाच्या वीस-पंचवीस लिटरसाठी ठीक, आणि सांडपाणी फरशी पुसायला, संडासात वापरा. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने 500 पेक्षा कमी टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घालायला सांगितलं होतं, ते याच नासाडीमुळे. तुमचं पाणी त्याच्या वर आहे, तेव्हा आरओ घ्यायला हरकत नाही. फक्त आरओला सॉफ्टनरचं पाणी द्या, त्यातलं मेंब्रेन (क्षार अडवणारा पडदा) जास्त टिकतं. ‘टीडीएस कंट्रोलर’ म्हणून जे बटण असतं ते शुद्ध पाण्यात मेंब्रेन न ओलांडलेलं पाणी मिसळतं. नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त असेल तर ते पूर्ण बंद ठेवायला सांगा.

आता कंपनी पारखायची कशी. मी एकच हिशोब समोर बसून करायला लावते. समजा हार्डनेस 600 आला आणि घरात पाच माणसं आहेत. माणशी 135 लिटर धरले तर दिवसाला 675 लिटर, म्हणजे रोज साधारण 400 ग्रॅम हार्डनेस काढायचा. एक लिटर रेझिन व्यवहारात सुमारे 50 ग्रॅम धरतं. 25 लिटर रेझिन असेल तर तीन दिवसांनी ते भरलं, मग मिठाच्या पाण्याने रिजनरेशन, म्हणजे ते धुऊन पुन्हा कामाला लावायचं. दर वेळी तीन-साडेतीन किलो मीठ, म्हणजे महिन्याला 30 ते 35 किलो. जो विक्रेता हा हिशोब स्वतःहून मांडतो, फ्लश आणि बागेची लाइन वेगळी ठेवून खर्च कमी करायला सुचवतो, त्याच्याकडून घ्या, नाव मोठं असो की गल्लीतलं असो. ‘महिन्याला किलोभर मीठ पुरतं मॅडम’ म्हणणाऱ्याने रेझिनची टाकी तरी छोटी दिलीय किंवा तो पुन्हा फिरकणार नाहीये. रिजनरेशनचं खारट पाणी कुठे सोडणार तेही विचारा. ते झाडांना गेलं की झाडं जळतात.

पाइपवर बसवायच्या मॅग्नेटिक पट्ट्यांबद्दल फार बोलत नाही. त्या लावून झाल्यावरही रिपोर्टमधला हार्डनेस तेवढाच येतो, मग उपयोग झाला की नाही हे तपासणार कशाने?

एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचा, कागद मात्र चष्मा लावून वाचा. कोटेशनमध्ये 18 हजार वाटतात, खरी कमाई नंतरच्या फिल्टर-मेंब्रेनमध्ये असते. आमच्या जुन्या सर्व्हिसवाल्याने आठ महिन्यांत ‘मेंब्रेन गेलं’ सांगून बदललं होतं. तेव्हापासून माझा नियम: बदललेला भाग घरातच ठेवून जायचा, आणि बदलायच्या आधी व नंतर माझ्या मीटरवर टीडीएस दाखवायचा. दोनशे-चारशे रुपयांच्या त्या मीटरची खरी जागा ही. मेंब्रेन कोणत्याही कंपनीचं बसतं की फक्त त्यांचंच, हेही आधीच विचारा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. पहिल्या पावसात पाणी गढूळ येतं का? येत असेल तर दोष बहुधा केसिंगमध्ये, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात उतरवलेल्या पाइपात आहे. मुरूम संपून पक्का काळा पाषाण लागेपर्यंत केसिंग हवं. फुटावर पैसे वाचवायला ते आखूड सोडलं असेल, तर वरचं, सेप्टिकचं पाणी थेट बोअरमध्ये उतरतं. त्यावर फिल्टर लावून भागत नाही, आधी बोअरवाल्याला बोलवा. गाडी बहुधा तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची असेल आणि काम करून कधीच पुढच्या गावाला गेली असेल, पण ज्या एजंटने ती आणली त्याच्याकडे किती फुटांवर काय लागलं आणि केसिंग किती उतरवलं याची वही असते. ती बघा.

रिपोर्ट आला की हार्डनेस, नायट्रेट आणि घरात माणसं किती एवढं कळवा. रेझिन किती लिटर लागेल ते काढून सांगते, मग ती कोटेशनं परत उघडा.