म्युनिक १९५८ : काटा मागे का फिरला?

कॅप्टनने पंखांवरचा बर्फ काढला नाही, वर तीन-तीनदा उड्डाणाचा हट्ट धरला, म्हणून मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या खेळाडूंचं विमान पडलं, हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. बर्फाचा ठपका जर्मन चौकशीने ठेवला होता. मला तो कधीच पटला नाही.

आधी हट्टाचं बघू. ६ फेब्रुवारी १९५८. बेलग्रेडहून परतताना विमान इंधनासाठी म्युनिकला उतरलेलं. पहिले दोन प्रयत्न वैमानिकांनी स्वतःच सोडले, कारण इंजिनाचा दाब वरखाली होत होता. शंका आली की थांबले. याला हट्ट म्हणत नाहीत.

गोम अशी, की थांबल्यामुळे विमान धावपट्टीच्या शेवटच्या तुकड्यावर गेलंच नव्हतं. तिथे स्लश, म्हणजे बर्फ-पाण्याचा लगदा, कुणी न तुडवलेला पडून होता. तिसऱ्या वेळी वेग ११७ नॉटला (नॉट म्हणजे विमानाचा वेग मोजायचं एकक) पोचला. इथून पुढे थांबायला जागा नसते. उडायला ११९ हवा होता. आणि काटा मागे फिरला: ११२, मग १०५. इंजिनं पूर्ण जोरात! विमान कुंपण तोडून घरावर आदळलं. ४४ पैकी २३ जण गेले, त्यात आठ खेळाडू.

पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यात स्कूटर घातलीत, की कुणी मागून धरून ठेवल्यासारखं वाटतं ना? तेच हे. चाकांना लगदा बाजूला सारावा लागतो, आणि जितका वेग जास्त तितकी ही ओढ झपाट्याने वाढते.

मग पंखांवरचा बर्फ आला कुठून? तपास अधिकाऱ्याला तो सापडला अपघातानंतर काही तासांनी, आणि मधल्या वेळात वरून हिमवर्षाव चालूच होता! उड्डाणाआधीच्या एका फोटोत पंख पांढरे दिसत होते, तोही पुरावा धरला गेला. पुढे मूळ निगेटिव्ह तपासली तेव्हा कळलं, की तो पांढरेपणा म्हणजे पंखांवरून परतलेला उजेड होता. छापलेला फोटो नकलेवरून काढलेला.

ब्रिटिश फेरचौकशीने १९६९ साली कॅप्टन जेम्स थेनला निर्दोष ठरवलं. बीईए या त्याच्या विमान कंपनीने त्याला १९६० सालीच काढून टाकलं होतं. तो बर्कशरमध्ये कोंबड्या पाळत राहिला, आणि १९७५ साली गेला.