कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत घर शोधण्यापूर्वी

आपण गोव्यातल्या डिचोलीहून विचारले आहे की, जानेवारीत कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटो इथल्या कार्यालयात एच-१बी या अमेरिकेतील नोकरीच्या व्हिसावर रुजू झाल्यावर आठवड्यातून तीन दिवस तिथे हजर राहावे लागेल, तेव्हा शहरातील सदनिकेऐवजी ग्रास व्हॅलीसारख्या डोंगराळ गावात किंवा मेंडोसिनोच्या किनाऱ्यावर पत्नी आणि सहा वर्षांच्या मुलीसह घर करता येईल का. मी मूळचा सावईवेऱ्याचा. या राज्यात चौदा वर्षे आहे आणि त्यांतील पाच वर्षे ग्रास व्हॅलीत काढली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

किनाऱ्याचा विचार सोडून द्यावा. उत्तर सीमेवरच्या पत्रादेवीहून निघून दक्षिण टोकाच्या पोळे गावाला पोचलो की आपला गोवा संपतो. कॅलिफोर्नियाचे क्षेत्रफळ सुमारे ४ लाख २४ हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे त्यात शंभराहून अधिक गोवे मावतील. मेंडोसिनोहून सॅक्रामेंटोला मोटारीने एका बाजूचेच साधारण चार तास लागतात.

सिएरा नेवाडा पर्वतरांगेच्या पायथ्याचा पट्टा मात्र खरोखर विचार करण्याजोगा आहे. ग्रास व्हॅलीहून सॅक्रामेंटो सुमारे ९५ किलोमीटर आहे, तर त्याच पट्ट्यातील ऑबर्न जेमतेम ५५ किलोमीटरवर, थेट महामार्गावर आहे. पण आपण पाहिलेली हिरवीगार छायाचित्रे बहुधा फेब्रुवारी-मार्चमधली असावीत. तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो. मे महिन्यात गवत वाळून पिवळे पडते, आणि आपल्याकडे आभाळ भरून येते त्या जूनपासून तिथे महिनोन् महिने जवळजवळ थेंबही पडत नाही. ऑक्टोबरपर्यंत रान पुरते सुकते आणि त्याच सुमारास कोरडे, जोरदार वारे सुटतात. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी याच पायथ्याच्या पट्ट्यातील पॅराडाइज हे गाव अशा वाऱ्यात जळाले. त्या आगीत ८५ माणसे गेली आणि अठरा हजारांहून अधिक बांधकामे नष्ट झाली. गावाबाहेर पडण्याचे रस्ते मोजकेच होते आणि ते वाहनांनी तुंबले. म्हणून कोणतेही घर पाहताना तिथून बाहेर पडायला किती रस्ते आहेत, हे मी सर्वांत आधी पाहतो.

वणव्याची भीती दर दिवशी जाणवत नाही, पण तिचा खर्च दरवर्षी जाणवतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये वारा सुटताच तारांतून ठिणगी पडू नये म्हणून वीज कंपनीने आमच्या भागाचा पुरवठा बंद केला. आमचे पाणी विहिरीचे होते. पंप थांबला तसे नळही कोरडे पडले, आणि धाकट्या मुलाला घेऊन आम्ही दोन रात्री सॅक्रामेंटोत मित्राकडे काढल्या. पुढच्या वर्षी विमा कंपनीने घराचा विमा नव्याने देण्यास नकार दिला. असा नकार मिळालेल्या घरांसाठी राज्यात फेअर प्लॅन नावाची शेवटच्या आधाराची विम्याची सोय आहे. परंतु ती महाग पडते आणि तिचे संरक्षण तोकडे असते. विम्याशिवाय बँक गृहकर्ज देत नाही, त्यामुळे पुढे घर विकत घेण्याचा विचार असेल तर किमतीआधी विम्याची चौकशी करावी.

जाणती माणसे आपल्याकडे घर घेण्याआधी ते आषाढात पाहून घेतात. कौले कुठे गळतात आणि ओहोळ कुठून वाहतो, ते तेव्हाच कळते. त्याच न्यायाने या डोंगरांतले घर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाहावे. आपण जानेवारीत पोचणार, म्हणजे सगळे हिरवे होत असताना. तेव्हा कोणताही दीर्घ करार करू नये, असे मी कळकळीने सांगतो.

आणखी एक गोष्ट फार थोडे लोक आधी विचारतात. एच-१बी व्हिसा अर्जात नमूद केलेल्या कामाच्या जागेशी बांधलेला असतो. उरलेले दोन दिवस आपण घरून काम करणार. ते घर कामाच्या जागेच्या महानगर क्षेत्राबाहेर असेल तर कंपनीला सुधारित अर्ज करावा लागू शकतो. ग्रास व्हॅली ज्या नेवाडा काऊंटीत (म्हणजे जिल्ह्यात) आहे ती सॅक्रामेंटोच्या महानगर क्षेत्रात मोडत नाही. ऑबर्न आणि सॅक्रामेंटोजवळचे फॉल्सम मोडतात. भाडेकरारावर सही करण्यापूर्वी कंपनीच्या वकिलाचे लेखी उत्तर घ्यावे.

आपल्या पत्नीविषयी आपण काही विचारले नाही, पण मला त्यांचीच अधिक काळजी वाटते. एच-१बीधारकाच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर त्यांना सुरुवातीला नोकरी करता येणार नाही. डोंगरातल्या घरी एकच मोटार असेल आणि ती आपण घेऊन गेलात, तर त्यांना दिवसभर बोलायला माणूस मिळणार नाही. डिचोलीच्या बाजारात पाच पावलांवर ओळखीचे कोणी भेटते, त्या सवयीच्या माणसाला हे किती जड जाते, ते मी घरातच पाहिले आहे. आम्ही ग्रास व्हॅली सोडली त्याचे मोठे कारण वणवा नव्हता, हेच होते.

म्हणून पहिले वर्ष फॉल्सममध्ये, किंवा डोंगर हवाच असेल तर ऑबर्नच्या गावठाणात भाड्याने राहावे. ऑबर्नखालच्या दरीत अमेरिकन नदीच्या उत्तर आणि मध्य शाखांचा संगम आहे; नदीकाठच्या गावातून येणाऱ्या आपल्याला तो नक्कीच आवडेल. ग्रास व्हॅलीला रविवारी जावे. १९५६ साली बंद पडलेली एम्पायर सोन्याची खाण तिथे उद्यान म्हणून जपली आहे, आणि खाणी थांबल्यावर गावाचे काय होते, हे डिचोलीकराला समजावून सांगावे लागत नाही. त्या भागात कधी विहिरीचे घर घेतलेच, तर पाण्यातील आर्सेनिक या विषारी द्रव्याची तपासणी अवश्य करावी.

मुलीची सरकारी शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते, तेव्हा शाळा आधी पाहून मग घर निवडावे. प्रवेशाच्या वेळी लसीकरणाची नोंद मागतात. ती डिचोलीतच डॉक्टरांकडून तारखांसह इंग्रजीत लिहून घ्यावी आणि हातातल्या पिशवीत ठेवावी.